उभं काम

"पट्टी बाजूला ठेवा," देवकुळे सर म्हणाले. "तुमच्या गावातली एक जागा काढा. रोज जिथून जाता ती. आठवून काढा आणि घाई करू नका."

मुंबईतल्या त्या जुन्या कॉलेजची खोली लांबट होती. खिडक्या माणसाच्या दुप्पट उंच होत्या आणि त्यांतून पलीकडच्या इमारतीतला छिन्नीचा आवाज येत होता. तिथं शिल्पकलेचे विद्यार्थी दगड फोडत होते. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी बसलेली बरीचशी मुलं मुंबईचीच वाटत होती. मी मिरजेहून आले होते. माझे वडील, आप्पा, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

मी सतारमेकर गल्ली काढली. दुकानांच्या दारांत वाळत टांगलेले भोपळे, खाली पाय पसरून तारा ओढणारा एक म्हातारा आणि गल्लीच्या टोकाला उजेडाचा उभा तुकडा. काढताना मजा यायला लागली आणि आपण परीक्षेला बसलोय हे मी विसरून गेले.

मुलाखतीच्या वेळी देवकुळे सरांनी तो कागद टेबलावर माझ्याकडे तोंड करून ठेवला. "कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"काय करतात ते?"

शाळेत असताना मी या प्रश्नाला 'आर्टिस्ट' असं उत्तर द्यायचे. त्या दिवशी का कुणास ठाऊक, खरं ते सांगितलं. "पडदे रंगवतात. फोटो स्टुडिओंचे, नाटकांचे, शाळेच्या गॅदरिंगचे."

"आलेत का बरोबर? बोलवा की त्यांना."

आप्पा चपला बाहेर काढून आत आले. सरांनी त्यांना आधी भिंतीजवळच्या मोठ्या कपाटाकडे नेलं आणि जुन्या विद्यार्थ्यांची रेखाटनं एकेक करून काढून दाखवायला सुरुवात केली. देवळाचे खांब, कुठल्याशा बंगल्याचा जिना, हलक्या जलरंगात ओढलेल्या सावल्या. आप्पा कागदाला हात न लावता वाकून बघत होते. एका चित्रापाशी ते इतके रेंगाळले की पुढचा मुलगा मुलाखतीला आत डोकावून परत गेला. मिरजेत आप्पांचं काम लोक हाताच्या मापाने मोजून नेत. त्यांच्याशी चित्रावर कुणी असं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"मुलगी इथं येऊ दे," सर म्हणाले. "पहिली दोन वर्षं आम्ही फक्त बघायला शिकवतो. बांधायचं मग बघू."

आप्पा सरळ उभे राहिले. "आणि बांधलेलं पडलं तर?"

सर हसले. "त्यासाठी इंजिनिअर असतो की."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याला दुसरी मुलाखत होती. तिथं आर्किटेक्चरचा विभाग एका मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात होता. भिंतींवर चित्रं नव्हती, तक्ते होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझी चित्रं भराभर उलटली. "हात चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण इथं गणित करावं लागेल. चालेल?" बारावीचं माझं गणित चांगलं होतं, त्यामुळे मी हो म्हटलं. पण उठताना माझं मन मुंबईलाच होतं.

बाईंनी जाता जाता प्रयोगशाळा दाखवली. एका यंत्रात काँक्रीटचा ठोकळा ठेवून वरून दाब देत होते. काटा चढत गेला, ठोकळ्याच्या कडेला बारीक चीर गेली आणि फट्‌ असा आवाज होऊन तो फुटला. मी दचकले. आप्पा जवळ गेले.

"हे असं आधीच फोडून बघतात?"

"हो. किती ओझं घेईल ते आधी विचारायचं, मग बांधायचं," बाई म्हणाल्या.

"वाऱ्याचं पण गणित असतंय?"

"असतं ना. वारा कमी समजू नका."

आप्पा मान हलवत राहिले. नंतर मिरजेला जाणाऱ्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. घाट गेला, कऱ्हाड गेलं. मी मुंबईबद्दल बोलत होते. ते 'हं' म्हणत होते.

काही दिवसांनी कळलं की दोन्हीकडे माझं नाव लागलंय. कुठं जायचं ते लगेच कळवायचं होतं.

आप्पांचं काम चाले ती जागा म्हणजे स्टेशनच्या मागची एक जुनी तंबाखूची वखार. आत कापड भिंतभर ताणलेलं असे. त्यावर आप्पांनी आयुष्यभर महाल, बागा, कारंजी, संगमरवरी जिने काढले. सांगली-मिरजेतल्या कितीतरी नवराबायकोंचे पहिले फोटो आप्पांच्या कठड्यांना टेकून काढलेले आहेत. पडद्याशिवाय दुसरं काम ते घेत नसत. कमानी, देखावे, गणपतीचे मखर, ज्याला ते 'उभं काम' म्हणत, ते मागायला कुणी आलं की म्हणत, "उभं काम मी करत न्हाई," आणि दुसऱ्या पेंटरचं नाव सांगत. मला त्यात कधी नवल वाटलं नव्हतं. सुतारकामाचा कंटाळा असेल, असं मी धरून चालले होते.

मी गेले तेव्हा ते एका कठड्याला सावली देत होते.

"आप्पा, मी मुंबईला कळवते उद्या."

ब्रश थांबला नाही. "पुण्याला जा."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"पुण्याला जा, सुमे. ते बरं हाय."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

आप्पांनी असं मला कधीच सांगितलं नव्हतं. मला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं तेव्हाही त्यांनी विचारलं नव्हतं. मुलीला एवढं शिकवून काय करणार, म्हणणाऱ्या चुलत्यांना त्यांनीच गप्प बसवलं होतं. त्यामुळे मला राग आला त्याच्याआधी गोंधळायला झालं.

"तुम्हाला तिथं आवडलं होतं. मी पाहिलंय. तुम्ही त्या चित्रांपुढून हलत नव्हता."

"आवडलं होतं."

"मग?"

"आवडतं ते बरोबर असतंय असं न्हाई."

"म्हणजे काय?"

ते खाली वाकले, डब्यात पाणी घातलं, रंग ढवळत बसले. ढवळायची गरज नव्हती. मग मी तो प्रश्न विचारला. तो माझ्या मनात मुंबईपासून नव्हता, त्या क्षणीच उगवला होता.

"माझं ड्रॉइंग तेवढं चांगलं नाही का?"

आप्पा काहीच बोलले नाहीत. ते रंग ढवळत राहिले. मी वाट पाहिली. वखारीच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. आप्पांनी मान वर केली नाही, आणि मला उत्तर मिळालं असं मी समजले.

घरी आईने माझं तोंड बघितलं आणि ती भाकरी थापायची थांबली. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा पिठाला हात लावला.

"आजवर तुझ्याकडं काय मागितलंय का त्यांनी?" ती म्हणाली.

"नाही."

"मग एवढं ऐक."

"पण का, ते तरी सांगू दे त्यांना."

आईने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तव्याकडे वळली. "मी कसं सांगू," एवढंच म्हणाली.

मी पुण्याला गेले.

तिथं माझं वाईट झालं नाही, हेही सांगायला हवं. गणित मला जमत होतं, पुढे आवडूही लागलं. तुळईवर वजन कसं पसरतं, ते खांबात कसं उतरतं आणि शेवटी जमिनीत कसं जिरतं, हे एकदा कळलं की रस्त्यातली प्रत्येक इमारत वेगळी दिसायला लागते. बाईंचा माझ्यावर जीव होता. पण चित्रं काढणं मी हळूहळू सोडून दिलं. सुरुवातीला वेळ मिळत नसे. नंतर वेळ मिळाला तरी हात पुढे होईना. आपल्याला ज्याने शिकवलं त्यालाच आपला हात कमी वाटतो, तर कशाला, असं मनात येई. आराखडे मात्र स्वच्छ काढत होते. रेघ सरळ, आकडे अचूक.

सुटीत घरी गेले तरी वखारीत पाय टाकत नसे. आप्पाही बोलवत नसत. जेवताना विचारत, "अभ्यास बरा चाललाय?" मी म्हणे, "चाललाय." दोघंही वाईट वागत नव्हतो. फक्त पूर्वी आम्ही तासन्‌तास बोलायचो, ते राहिलं नव्हतं. पूर्वी ते मला पावसाळी ढगाच्या पोटात कुठला रंग असतो ते विचारत आणि मी चुकले की हसत. आता जेवणानंतर ते अंगणात बसत आणि मी आत.

मधल्या काळात रंगीत फोटोंच्या लॅब आल्या, छापील पडदे आले. आप्पांनी वखार सोडली. मी पुण्यात एका मोठ्या ऑफिसात नोकरी केली, मग स्वतःची कामं घ्यायला लागले. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते सासवडच्या बाजूला, एका शिक्षणसंस्थेचं मुलींचं वसतिगृह. दोन मजली, साधं. उद्‌घाटनाला आईला यायला जमणार नव्हतं, तिचे गुडघे दुखत. आप्पा म्हणाले, "मी आदल्या दिवशी येऊन बघून जातो. गर्दीत काय दिसत न्हाई."

दुपारी ते एसटीने आले. केस पार पांढरे झाले होते. मी त्यांना आत नेलं. मला वाटलं होतं, ते उजेड कुठून येतो, रंग कुठला लावलाय ते बघतील. ते आधी खांबाशी गेले आणि तळहात टेकवून उभे राहिले.

"पाया किती खोल गेलाय?"

मी सांगितलं.

"वारा?"

"धरलाय, आप्पा."

"वर पाण्याची टाकी हाय, तिचं वजन?"

"तेही धरलंय."

गच्चीच्या कठड्याला त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. कठडा हलला नाही. ते खाली आले ते एकदम सैलावून, जणू कुणी त्यांच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं होतं. मग आम्ही फाटकाबाहेर जाऊन उभे राहिलो. ते लांबून इमारतीकडे बघत राहिले. बराच वेळ.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

तो आवाज मला ओळखीचा होता. स्टुडिओवाले दुसऱ्या पेंटरचा पडदा दाखवायला आणत, तेव्हा आप्पा याच आवाजात चांगलंय म्हणत.

"खरं सांगा."

"उभं राहील. शंभर वर्षं."

"आणि?"

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "यात तू कुठं हाईस, ते मला दिसंना."

एवढी वर्षं जे बोलले नव्हते ते माझ्या तोंडून त्या वेळी निघालं. आवाज चढवला नाही, उलट तो फारच खाली गेला.

"पुण्याला तुम्हीच पाठवलंत, आप्पा."

"व्हय."

"मला मुंबईला जायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. का ते सांगितलंसुद्धा नाही."

फाटकाशी नव्या पायऱ्या होत्या, अजून पाणी मारलेल्या ओल्या. तिथं त्यांनी पिशवी पसरली, तिच्यावर बसले आणि शेजारची जागा हाताने दाखवली. मी बसले.

"तू सहा-सात वर्षांची असशील," आप्पा म्हणाले. "कवठ्याकडच्या एका गावात शाळेचा मोठा समारंभ होता. मंत्री येणार होते. मला कमान सांगितली. नुसती कमान न्हाई, महालाचा दरवाजाच. लाकडाचा सांगाडा, वर कापड, त्यावर रंग. मी एवढं मन लावून तोवर काय केलं नव्हतं. लांबनं दगडाचीच वाटायची. आजूबाजूच्या गावची माणसं बघायला यायला लागली."

ते थांबले. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, तो जाऊ दिला.

"सुतार म्हणाला, पेंटर, हिला चार बाजूंनी दोर ताणून बांधू. मी न्हाई म्हणालो. दोर दिसले तर महाल कसला, मांडव वाटंल. तो पुन्हा म्हणाला. मी म्हणालो, खाली रोवलाय तेवढा बास."

मला पुढचं कळलं, तरी ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"दुपारी वावटळ उठली. एवढीशी. कमान पुढच्या बाजूला आली. बाकीची माणसं पळाली. एक बाई तिच्या सावलीला उभी होती, ऊन लागतंय म्हणून. गावातलीच. गुरवांची सून. मिरजेच्या दवाखान्यापर्यंत आणली, पण वाटेतच गेली."

"तुमच्यावर काही…"

"काय न्हाई. पोलिसांनी वारा म्हणून लिहून घेतलं. तिचा नवरासुद्धा मला म्हणाला, तुमचा काय दोष. मी त्याला दोराचं सांगितलं न्हाई. सुतारानं पण सांगितलं न्हाई. आता तोही गेला. तुझ्या आईला तेवढं ठाऊक हाय."

आई तव्याकडे का वळली होती, ते मला आता समजलं. आणि मुंबईत देवकुळे सर हसले तेव्हा आप्पांना काय झालं असेल, तेही.

"त्या मास्तरांनी दाखवलेली चित्रं बघताना मी सगळं विसरलो होतो," आप्पा म्हणाले. "मग ते म्हणाले, आधी बघायचं शिकवतो, बांधायचं मग. मला वाटलं, हे तर माझंच झालं. पोरीचं पण हेच करायचं का."

"मग त्या दिवशी वखारीत हे सांगितलं का नाहीत मला?"

आप्पांनी लगेच उत्तर दिलं. बहुधा ते त्यांनी स्वतःला पुष्कळदा दिलं असावं. "सांगितलं असतं तर तू ठरवलं असतंस. मला ते तुझ्यावर सोडायचं नव्हतं. मी भ्यालो होतो."

ऊन उतरत होतं. आत कुणीतरी फरशी धूत होतं, खराट्याचा आवाज येत होता. मी त्या बाईचा विचार करत होते, आणि अठरा वर्षांच्या मुलीचाही, जिला हे कुणी सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं याचा. मला उत्तर शोधावं लागलं नाही.

"मी पुण्यालाच गेले असते, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"हे ऐकल्यावर मी मुंबईला गेलेच नसते. माझी मीच पुण्याला गेले असते. आणि चित्रंसुद्धा सोडली नसती."

आप्पांचे हात गुडघ्यांवर होते. त्यांनी ते उचलले, पुन्हा ठेवले. माझ्या बोलण्याने त्यांना बरं वाटेल, असं मला बोलताना वाटलं होतं. तसं झालं नाही. एवढा वेळ ते सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा स्थिर होता. आता तो हलला.

"चित्रं का सोडलीस?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, माझं ड्रॉइंग चांगलं नाही का. तुम्ही बोलला नाहीत."

"मी?"

"तुम्ही रंग ढवळत होता."

ते आठवू लागले. त्यांना आठवत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही असणार. माझा प्रश्न त्यांनी ऐकलासुद्धा नसेल.

लांबून एसटी येताना दिसली. मी त्यांना राहायचा आग्रह केला. ते म्हणाले, आई एकटी आहे. ते पिशवी झटकून उठले. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. गाडी थांबली. एक पाय पायरीवर ठेवून ते वळले.

"सुमे, चांगलं होतं तुझं ड्रॉइंग. माझ्यापेक्षा चांगलं होतं."

कंडक्टरने घंटी वाजवली. 'होतं' हा शब्द आम्ही दोघांनीही ऐकला. आप्पांनी तो बदलला नाही, आणि मलाही बदला म्हणता आलं नाही.